बनावट अँटी-स्पायवेअर: ओळख आणि उच्चाटन

बनावट अँटी-स्पायवेअर हा संगणकात नसलेला बिघाड दाखवून त्याच्या दुरुस्तीचे पैसे उकळणारा प्रोग्राम असतो. पडद्यावर तपासणीची पट्टी झरझर पुढे सरकते, लाल अक्षरांत वीस-पंचवीस व्हायरसची आणि स्पायवेअरची नावे झळकतात आणि ती काढायची असतील तर 'पूर्ण आवृत्ती' विकत घ्या असा तगादा सुरू होतो. प्रत्यक्षात तपासणी झालेलीच नसते. नावांची यादी आधीच लिहून ठेवलेली असते आणि आदल्या दिवशी खोक्यातून काढलेल्या कोऱ्या संगणकावरही तीच दिसते. पैसे भरले की लाल रंगाचा हिरवा होतो. कित्येकदा खरे स्पायवेअर त्यानंतर, त्याच वाटेने आत येते. या प्रकाराला जगभर 'स्केअरवेअर' म्हणतात.

आज तो तीन रूपांत आढळतो. पहिल्यात ब्राउझरमध्ये उघडलेले एक वेबपान एवढेच असते, संगणकात काहीही शिरलेले नसते. दुसऱ्यात प्रोग्राम खरोखर इन्स्टॉल झालेला असतो. तिसऱ्यात पडद्यावर फोन नंबर असतो आणि पलीकडे 'टेक्निशियन' म्हणवणारा माणूस बसलेला असतो. कोणते रूप समोर आहे हे ओळखणे ही निम्मी दुरुस्ती होय. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मात्र या तिन्हींवर एकच उपाय चालतो: पीसी उचलून दुकानात न्यायचा आणि 'फॉरमॅट मारून' आणायचा. पहिल्या रूपासाठी हा खर्च निव्वळ वाया जातो आणि तिसऱ्यासाठी तो पुरत नाही.

या धंद्याची सुरुवात खऱ्या गरजेतून झाली. १९९९-२०००च्या सुमारास फुकट सॉफ्टवेअरबरोबर जाहिराती दाखवणारे आणि वापरणाऱ्यावर पाळत ठेवणारे प्रोग्राम संगणकात घुसू लागले. त्या काळचे अँटीव्हायरस त्यांना हात लावत नसत. तेव्हा ॲड-अवेअर आणि स्पायबॉट ही दोन फुकट साधने लोकप्रिय झाली. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची अँटी-स्पायवेअर कंपनी विकत घेतली, आणि तिच्याच उत्पादनातून पुढे विंडोज डिफेंडर तयार झाला. म्हणजे स्पायवेअर काढण्यासाठी वेगळा प्रोग्राम डाउनलोड करायचा, ही सवय लोकांना खऱ्या साधनांनीच लावली होती. तिचा फायदा भामट्यांनी घेतला. २००५ मध्ये पसरलेला स्पायशेरीफ हा त्यातला गाजलेला नमुना. तो डेस्कटॉपचे चित्र बदलून तिथे धोक्याची सूचना लावत असे. पुढे विनफिक्सर, अँटीव्हायरस एक्सपी २००८, सिक्युरिटी टूल अशी नावे येत गेली. आतला माल बहुधा जुनाच असे, नाव आणि रंग तेवढे दर काही आठवड्यांनी बदलत. मे २०११ मध्ये मॅकडिफेंडर आला आणि ॲपलच्या संगणकांना असले काही होत नाही हा समजही गेला.

पैशाचा हिशेब पाहिला की या चिवटपणाचे कारण कळते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध खटला भरला. विनफिक्सर आणि त्याची भावंडे तिचीच होती आणि तिचे मोठे कार्यालय युक्रेनमधील कीव्ह शहरात होते. २०१२ मध्ये न्यायालयाने या प्रकरणातील एका प्रतिवादीविरुद्ध १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी २०११ मध्ये अशा तीन टोळ्यांच्या सर्व्हरवरील नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांची एकत्रित कमाई १३ कोटी डॉलरहून अधिक भरली. बनावट प्रोग्राम ज्यांच्या संगणकात शिरला, त्यांच्यापैकी जेमतेम दोन-अडीच टक्के लोक पैसे भरत होते. तेवढे पुरत होते. त्याहून मासलेवाईक गोष्ट अशी की या टोळ्या तक्रार करणाऱ्यांपैकी काहींना पैसे परतही देत. बँकेकडे तक्रारी ठरावीक मर्यादेबाहेर गेल्या तर कार्ड कंपन्या त्यांचे खाते बंद करतील, म्हणून परताव्याचा आकडा मोजूनमापून राखला जाई. 'माझे पैसे परत मिळाले, म्हणजे कंपनी खरी असेल' हा तर्क त्यामुळे टिकत नाही.

भारतात या पद्धतीला एक अडसर होता. इंटरनेटवर कार्डाने पैसे भरताना दुसऱ्या टप्प्यातली पडताळणी ऑगस्ट २००९ पासून सक्तीची झाली, म्हणजे नुसता कार्ड नंबर देऊन भागेना. परदेशी विक्रेत्यांच्या बाबतीत मात्र ओटीपीशिवायही कार्डातून पैसे जाऊ शकतात. म्हणून कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवण्याची सोय महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ऑक्टोबर २०२० पासून ही कळ प्रत्येक बँकेच्या ॲपमध्ये असते. ती किती जण वापरतात हा प्रश्न वेगळा.

घरातल्या संगणकात हे सॉफ्टवेअर येते कुठून? ठाणे-कल्याण पट्ट्यात पीसी हा बहुधा 'असेंबल्ड' असतो. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचे, गल्लीतल्या ओळखीच्या मुलाकडून जोडून घ्यायचे आणि त्यानेच 'विंडोज टाकून' द्यायचे, अशी एक अख्ख्या पिढीची रीत आहे. ही विंडोज पुष्कळदा चोरीची असते. तिला चालते करण्यासाठी 'ॲक्टिव्हेटर' नावाचा लहानसा प्रोग्राम चालवावा लागतो आणि तो चालवण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा अशी सूचना असते. दार असे मुद्दाम उघडून दिल्यावर आत काय येईल याचा नेम नाही. बरेच ॲक्टिव्हेटर तर डिफेंडरच्या 'एक्सक्लूजन' यादीत स्वतःचे फोल्डर घालून ठेवतात, म्हणजे पुढे कितीही वेळा तपासणी केली तरी त्या फोल्डरकडे डिफेंडर पाहतच नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्यापासून दिवाळी अंकाचे डीटीपी करणाऱ्यापर्यंत अनेकांना जुन्या मराठी फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये हवा असतो. ते 'फ्री कन्व्हर्टर' शोधतात आणि चार 'डाउनलोड' बटणे असलेल्या पानावर जाऊन पोचतात. त्यातली तीन बटणे जाहिरातींची असतात. सातबारा, प्रवेशपत्र, परीक्षेचा निकाल असे काही शोधतानाही सरकारी संकेतस्थळाऐवजी त्याच्यासारखे दिसणारे भलतेच पान उघडते आणि 'पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा' असे सांगते.

हे 'अलाऊ' प्रकरण नीट समजून घ्यायला हवे, कारण 'व्हायरस आला' अशी आजची बरीचशी ओरड त्यातूनच उठते. कोणत्याही संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी ब्राउझर विचारून देतो. एकदा ती मिळाली की ते संकेतस्थळ बंद असतानाही पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी येत राहतात. त्यांवर मॅकॅफी किंवा नॉर्टनचे चिन्ह असते आणि 'तुमची सुरक्षा आज संपली, पाच व्हायरस सापडले' असा मजकूर. चौकट विंडोजच्याच साच्यातली असल्याने ती विंडोजने दिली असे वाटते. नीट पाहिले तर तिच्यावर ब्राउझरचे नाव आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता बारीक अक्षरांत असतो. संगणकात काही शिरलेले नसते. कुणीतरी एकदा होकार दिलेला असतो, एवढेच.

अस्सल आणि बनावट यांतला फरक काही खुणांवरून कळतो. पहिली खूण तांत्रिक आहे आणि तीच सर्वांत भक्कम: वेबपान संगणकाची हार्ड डिस्क तपासू शकत नाही. ब्राउझर प्रत्येक पानाला बंदिस्त जागेत चालवतो. त्यामुळे ब्राउझरच्या खिडकीत 'सी ड्राइव्ह तपासत आहोत' असे दिसले तर ते चलच्चित्र समजावे. मॅकवर किंवा मोबाइलवर सी ड्राइव्ह दाखवणारी अशी पाने सापडतात, आणि तिथे सी ड्राइव्ह नसतोच हेदेखील बनवणाऱ्याच्या लक्षात आलेले नसते. दुसरी खूण वेगाची. पाच-दहा सेकंदांत संपूर्ण डिस्क तपासून होत नाही. तिसरी खूण आपण काय इन्स्टॉल केले ते आठवण्याची. जो प्रोग्राम कुणी घातलाच नाही, तो घरातल्या संगणकाची काळजी वाहू लागला तर त्याच्यामागे काहीतरी आहे. चौथी, फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या त्रुटीच्या वा धोक्याच्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीही नसतो, असे ती कंपनी स्वतः सांगते. उलटी मोजणी, भोंगा, बोलणारा आवाज, खिडकी बंद करू न देणे, 'संगणक बंद केल्यास माहिती नष्ट होईल' अशी धमकी, यांतले काहीही खरा अँटीव्हायरस करत नाही. त्याला घाई नसते. सापडलेली फाइल तो मुकाट्याने वेगळी काढून ठेवतो आणि मग कळवतो.

प्रोग्राम इन्स्टॉल झालेला असेल तर त्याच्या फाइलवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' पाहावे. सही नसणे हा संशयाला आधार आहे. सही असणे हा प्रामाणिकपणाचा दाखला मात्र नव्हे. तीच फाइल व्हायरसटोटल या सेवेवर चढवली तर अनेक कंपन्यांच्या इंजिनांचे मत एकाच वेळी मिळते. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गूगलकडे आहे. तिथे घरची कागदपत्रे चढवू नयेत, कारण चढवलेली फाइल इतर संशोधकांनाही उपलब्ध होते.

महाराष्ट्रातील वाचकाला अस्सल नावे ओळखणे तसे सोपे आहे, कारण त्यातली काही इथलीच आहेत. पुण्याची क्विक हील ही कॅल्क्युलेटर आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांच्या दुकानातून वाढली; त्यांचे बंधू संजय काटकर यांनी तिचा पहिला अँटीव्हायरस लिहिला आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. नेट प्रोटेक्टरही पुण्याचेच, तर ई-स्कॅन मुंबईचे. यांची खोकी ठाण्या-डोंबिवलीच्या संगणक दुकानांत वर्षानुवर्षे विकली जात आहेत. खोक्यातली की टाकताना ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या प्रोग्राममध्येच टाकावी. 'क्विक हील फुल व्हर्जन क्रॅक' असे शोधून मिळणारी वस्तू म्हणजे कुंपणानेच शेत खाण्याची व्यवस्था.

खरे आणि खोटे यांच्यामध्ये एक करडा पट्टाही आहे. नोंदणीकृत कंपन्या, रीतसर पावती, चालणारा प्रोग्राम, आणि तरीही भीती दाखवून विक्री. मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपो ही अमेरिकेतील दुकानांची साखळी आणि सपोर्ट डॉट कॉम यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. त्यांच्या फुकट 'पीसी हेल्थ चेक'मध्ये ग्राहकाने सुरुवातीच्या चार प्रश्नांपैकी एकालाही 'हो' म्हटले की संगणकात बिघाड असल्याचा निष्कर्ष येत असे, पुढची तपासणी काही का सांगेना. मार्च २०२४ मध्ये रीइमेज आणि रिस्टोरो यांच्या सायप्रसमधील चालकांनी अशाच आरोपावर २ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. 'रजिस्ट्री क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर', 'पीसी बूस्टर' अशा नावांनी येणारा माल पुष्कळदा याच पट्ट्यातला असतो. तो कायद्याने बनावट ठरेल की नाही हा वादाचा विषय असेल. घरच्या संगणकाला त्याची गरज नाही, एवढे मात्र वादातीत आहे.

आता काढण्याविषयी. समोर फक्त वेबपान असेल तर पानावरच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, 'कॅन्सल'लाही नाही आणि कोपऱ्यातल्या फुलीलाही नाही, कारण ती फुली चित्राचाच भाग असू शकते. पूर्ण पडदा व्यापला असेल तर एस्केप कळ काही सेकंद दाबून धरावी, मग कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून टॅब बंद करावा. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करावे. मॅकवर ऑप्शन, कमांड आणि एस्केप या कळांनी हेच होते. ब्राउझर पुन्हा उघडताना 'मागची पाने परत आणू का?' असे विचारले तर नकार द्यावा. अर्धवट उतरलेली एखादी फाइल डाउनलोडमध्ये असेल तर ती न उघडता पुसावी. सूचनांच्या चौकटी येत असतील तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडून अनोळखी पत्ते काढून टाकावेत. एजमध्ये आणि फायरफॉक्समध्येही अशीच यादी असते. एवढ्यावर काम संपते. दुकानात जाण्याची गरज नाही.

प्रोग्राम आत बसलेला असेल तर आधी इंटरनेट तोडावे: वायर काढावी किंवा वाय-फाय बंद करावे. पडद्याचा मोबाइलने फोटो घ्यावा; प्रोग्रामचे अचूक नाव पुढे उपयोगी पडते. त्या संगणकावरून बँकेत लॉग-इन करणे तत्काळ थांबवावे. मग 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी तारखेनुसार लावून पाहावी. नको असलेला पाहुणा ज्या दिवशी आला, त्याच दिवशी आलेली इतर अनोळखी नावेही बहुधा त्याच्याच बरोबरची असतात. ती अनइन्स्टॉल करावीत. करड्या पट्ट्यातले प्रोग्राम इथेच निघून जातात, जरी जाता जाता 'खरेच जायचे का? पन्नास टक्के सूट' असे दोन-तीनदा विचारतात.

अट्टल बनावट प्रोग्राम यादीत दिसतच नाही, किंवा दिसला तरी निघत नाही. अशा वेळी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करावी. विंडोज १० आणि ११ मध्ये शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' केले की निळा पडदा येतो. त्यात 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' असे जाऊन रीस्टार्ट झाल्यावर ४ आकडा दाबावा, इंटरनेटही हवे असेल तर ५. जुन्या विंडोज ७ मध्ये सुरुवातीलाच एफ-८ दाबत राहावे लागते. सेफ मोडमध्ये अत्यावश्यक भागच चालतात, त्यामुळे बनावट प्रोग्राम बहुतेक वेळा झोपलेला राहतो आणि त्याच्या फाइल हाती लागतात. ज्यांची पाळेमुळे खोल गेली आहेत त्यांच्यासाठी डिफेंडरमधील 'ऑफलाइन स्कॅन' अधिक चांगला. त्यात संगणक विंडोज सुरू होण्याच्या आधीच तपासला जातो, सुमारे पंधरा मिनिटे लागतात. त्यानंतर दुसऱ्या कंपनीचे एखादे साधन चालवून खात्री करून घ्यावी. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती आणि त्याच कंपनीचे ॲडडब्ल्यूक्लीनर यासाठी पुरेशी आहेत. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनरही फुकट असतो. तो उतरवल्यापासून दहा दिवसांनी कालबाह्य होतो, म्हणून जुना पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला उपयोगी नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावरही क्विक हील, ई-स्कॅन आणि के-७ यांची सफाईची साधने विनामूल्य मिळतात. या सुविधेची माहिती आश्चर्य वाटावे इतक्या कमी लोकांना आहे.

ही साधने दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणावी लागतात, कारण बनावट प्रोग्राम आपल्या शत्रूंची वाट अडवून बसलेला असतो. त्याच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. तो ब्राउझरच्या प्रॉक्सी सेटिंग्ज बदलतो, त्यामुळे सुरक्षा कंपन्यांची संकेतस्थळे उघडत नाहीत. 'होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये त्यांचे पत्ते भलतीकडे वळवतो. टास्क मॅनेजर बंद पाडतो. काही तर कोणताही प्रोग्राम उघडायला गेले की 'ही फाइल बाधित आहे' म्हणून आपलीच खिडकी पुढे करतात. अशा वेळी आणलेल्या साधनाच्या फाइलचे नाव बदलून पाहावे, कारण अडवणूक कित्येकदा नावावरून होते. २०११ च्या सुमारास पसरलेल्या 'विंडोज रिकव्हरी' कुळातील प्रोग्रामनी तर डेस्कटॉपवरच्या आणि 'माय डॉक्युमेंट्स'मधल्या फाइल लपवून हार्ड डिस्क खराब झाल्याचा आव आणला. फाइल पुसलेल्या नसत, त्यांना 'हिडन' असा शिक्का मारलेला असे. तो शिक्का काढला की फोटो, हिशेब सगळे जागेवर. पण तोवर कित्येकांनी फॉरमॅट मारून त्या फाइल स्वतःच घालवल्या होत्या.

सफाईनंतर चार जागा डोळ्यांखालून घालाव्यात. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स आणि सुरुवातीचे पान. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपची यादी. टास्क शेड्यूलर, जिथे दर तासाला पुन्हा इन्स्टॉल होण्याची आज्ञा लपलेली सापडते. आणि डिफेंडरमधील ती एक्सक्लूजन यादी. शेवटची जागा रिकामी करून पुन्हा एकदा पूर्ण तपासणी करावी. प्रॉक्सी बंद आहे ना, हेही पाहावे.

फॉरमॅट केव्हा करावा? बनावट प्रोग्रामबरोबर पासवर्ड चोरणारे काही आले असल्याचे दिसले, सफाईनंतरही तीच लक्षणे परतली, किंवा अनोळखी माणसाने संगणकात बराच वेळ मुशाफिरी केली असेल, तर नव्याने विंडोज टाकणे शहाणपणाचे आहे. मात्र ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेली असावी आणि ॲक्टिव्हेटरशिवाय असावी. दुकानदाराने त्याच जुन्या पेनड्राइव्हवरून तीच चोरीची विंडोज परत टाकली, तर सहा महिन्यांनी तोच संगणक पुन्हा त्याच दुकानात येतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही अशा वेळी लक्षात घ्यावे.

तिसरे रूप सर्वांत महाग पडते. पडद्यावरच्या नंबरवर फोन लावला की 'टेक्निशियन' एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे दुरून संगणक हाताळण्याचे प्रोग्राम घ्यायला लावतो. ही साधने मुळात अस्सल आहेत, त्यामुळे अँटीव्हायरस बहुधा त्यांच्यावर ओरडत नाही. मग तो विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये नेहमीच असणाऱ्या लाल-पिवळ्या नोंदी दाखवून घाबरवतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. असा शिरकाव झालेला असेल तर इंटरनेट तोडून तो प्रोग्राम काढावा, दुसऱ्या उपकरणावरून ई-मेलचा पासवर्ड सर्वांत आधी बदलावा आणि मग बँकेचा. ई-मेल हाती असेल तर बाकीचे पासवर्ड त्यातूनच बदलून घेता येतात.

या फोनची दुसरी बाजू ठाणे जिल्ह्याने जवळून पाहिली आहे. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरवर रात्री छापे घातले, सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले आणि ७० जणांना अटक केली. तिथली मुले अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या करखात्याचे अधिकारी म्हणून फोन करत आणि अटकेची भीती घालून गिफ्ट कार्डांचे क्रमांक मागत. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच करखात्याच्या नावाखालच्या फसवणुकीबद्दल ५६ व्यक्तींवर आणि अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरवर आरोपपत्र जाहीर केले. मीरा रोडला बहाणा कराचा होता, स्पायवेअरचा नव्हता. पण यंत्रणा तीच होती. लिहून दिलेली संवादाची पाने, बदललेली इंग्रजी नावे, अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी आणि घाबरलेल्या माणसाला फोन ठेवू न देण्याचे शिक्षण. फरक इतकाच की तांत्रिक मदतीच्या फसवणुकीत पहिला फोन गिऱ्हाईक स्वतः लावते, कारण बनावट तपासणीने त्याला आधीच घाबरवलेले असते. मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून २०१८ च्या शेवटी दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथील अशा कॉल सेंटरवर छापे पडले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींचा तपास केला.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करावा. त्यावरून नोंद झालेली रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याचा प्रयत्न होतो आणि त्यात तासांना महत्त्व असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. डोंबिवलीचे रामनगर किंवा विष्णुनगर, कल्याणचे महात्मा फुले चौक किंवा खडकपाडा, ठाण्याचे नौपाडा अशी सर्व पोलीस ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयाखाली येतात. 'ही आमची हद्द नाही' या कारणासाठी तक्रारदाराला परत पाठवता येत नाही; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

बँकेकडून काय मिळेल, याबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण ओटीपी किंवा पासवर्ड ग्राहकाने स्वतः दिला असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान त्याचेच धरले जाते, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून तक्रारीची वेळ आणि क्रमांक लेखी घ्यावा. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर व्यवहाराला हरकत घेण्याची वेगळी वाट असते. त्यासाठी पडद्याचे फोटो, पावतीचा ई-मेल आणि विक्रेत्याचे कार्डाच्या विवरणात आलेले नाव लागते. हे नाव प्रोग्रामच्या नावापेक्षा बहुधा वेगळे असते. कार्ड बदलून घ्यावे आणि आपोआप नूतनीकरणाची परवानगी दिली गेली असेल तर ती बँकेच्या ॲपमधून रद्द करावी, कारण प्रोग्राम काढला तरी वर्गणी चालू राहते.